काही शंका?

अल्प मुदतीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांची चर्चा असतेच. ती माहितीपत्रकात असते. आठवडाभराचा प्रशिक्षण वर्ग असो, पंधरा दिवसांचा रिफ्रेशर असो की ‘स्वयम्’वरचा चार आठवड्यांचा कोर्स, ‘सहभागींमध्ये विचारांचे आदानप्रदान घडवून आणणे’ हे उद्दिष्ट साधारण तिसऱ्या क्रमांकावर छापलेले आढळते. पहिली दोन उद्दिष्टे व्याख्याते उरकतात, चौथे प्रमाणपत्राने आपोआप साध्य होते आणि तिसरे पुढच्या बॅचच्या माहितीपत्रकात जसेच्या तसे उतरवले जाते.

महाराष्ट्रात या अभ्यासक्रमांचे विद्यार्थी पुष्कळदा स्वतःच शिक्षक असतात. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने म्हटले आहे. महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला ‘कॅस’ या पदोन्नती योजनेखाली बढती हवी तर असे वर्ग करावे लागतात, आणि शाळेतल्या गुरुजींसाठी २०१७ पासून ‘दीक्षा’ हा सरकारी ऑनलाइन मंच आहे. त्यामुळे ‘मागच्या बाकावर काय गडबड चालली आहे?’ असे विचारण्यात ज्यांची हयात गेली, तेच आता मागच्या बाकावर येऊन बसले आहेत. कॅमेरा बंद ठेवून हजेरी लावणे, तास चालू असताना गवार निवडणे किंवा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपवणे, नाव पुकारले जाताच “सर, नेटवर्क...” एवढे उच्चारून अंतर्धान पावणे, या कलांत त्यांनी दाखवलेली गती थक्क करणारी आहे. इतक्या गुणी माणसांना इतकी वर्षे फळ्यापाशी उभे करून व्यवस्थेने त्यांच्यावर अन्यायच केला, असे म्हणावे लागते.

सर्वांना खुल्या असलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची सुरुवात मात्र अशी नव्हती. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम साऱ्या जगाला खुला केला. फी भरलेले विद्यार्थी पंचवीसच्या आसपास होते आणि इंटरनेटवरून फुकट आत शिरलेले सुमारे २,२००. लोकांनी आपापल्या जागी लिहावे, दुसऱ्याचे वाचावे, जमल्यास वाद घालावा, हाच त्या अभ्यासक्रमाचा गाभा होता. तीन वर्षांनी स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा कोर्स ऑनलाइन आणला. त्याला सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली. एवढ्या लोकांशी बोलत बसण्यापेक्षा त्यांना व्हिडिओ दाखवावेत आणि यंत्राने तपासता येतील अशा चाचण्या द्याव्यात, हे सोयीचे असल्याचे मग सगळ्यांच्याच ध्यानात आले. भारतात ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयम्’ने प्रत्येक कोर्सचे चार भाग ठरवून दिले आहेत : व्हिडिओ, वाचनसाहित्य, चाचण्या आणि चर्चेची जागा. पहिल्या तीन भागांसाठी स्टुडिओ, संपादक आणि तज्ज्ञांची समिती लागते. चौथ्यासाठी एक बटण लागते, आणि त्या भागावर खर्च झालेली बुद्धीही सहसा तेवढीच असते.

चर्चा का होत नाही हे समजण्यासाठी ती जिथे हमखास होते ती जागा आधी पाहणे इष्ट. ऑनलाइन तासाच्या आरंभी व्याख्याते विचारतात, “आवाज येतोय का?” त्याबरोबर मेळघाटापासून सावंतवाडीपर्यंत चाळीस माणसे जागी होतात. “येतोय सर.” “येतोय, पण कमी येतोय.” “सर, माइक जरा जवळ घ्या.” “मला येतोय, स्क्रीन दिसत नाहीये.” “मॅडम, तुमचा स्पीकर चेक करा, आम्हाला दिसतेय.” दोन मिनिटांत लोक एकमेकांना उत्तरे देऊ लागतात, निदान करतात, उपाय सुचवतात. एखादा असहमती नोंदवतो आणि त्याबद्दल कोणी मनाला लावून घेत नाही. शिक्षणशास्त्राची पुस्तके ज्याला अर्थपूर्ण चर्चा म्हणतात ती हीच. ती विषय सुरू होण्यापूर्वीच संपते, एवढाच काय तो दोष.

या प्रश्नाचे यश अपघाती नाही. विचारणाऱ्याला उत्तर खरोखरच ठाऊक नसते. उत्तर देणाऱ्याजवळ अशी माहिती असते, जी जगात दुसऱ्या कोणाजवळ नाही : त्याच्या घरात, त्याच्या फोनवर आवाज येतो की नाही. चुकण्याची भीती नसते. शिवाय उत्तरावर लगेच काहीतरी घडते, माइक जवळ येतो. कोणत्याही चांगल्या चर्चाप्रश्नाची लक्षणे याहून वेगळी नाहीत.

आता तासाच्या अखेरीस विचारला जाणारा प्रश्न पाहावा : “काही शंका?” यात वरचे एकही लक्षण नाही. शंका नसाव्यात अशी विचारणाऱ्याची मनोमन इच्छा असते, कारण घड्याळात दीड वाजून गेलेला असतो. शंका असलेल्याला आपल्याला समजले नाही, हे शंभर सहकाऱ्यांपुढे कबूल करावे लागते, आणि त्यातला एक जण त्याच्याच महाविद्यालयाचा विभागप्रमुख असतो. वर शंका विचारल्याने तास लांबतो आणि उरलेल्या नव्व्याण्णवांचे जेवण थंड होते, ते पाप वेगळेच. अशा स्थितीत गप्प राहणे हा आळस मानता येणार नाही. तो सामाजिक जबाबदारीचाच एक प्रकार आहे.

गप्प राहण्याला थोडा शारीरिक आधारही आहे. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असे दिसले. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबतात, एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ कमी होते. हे समोरासमोरच्या वर्गाचे झाले. ऑनलाइन वर्गात शंका विचारायची तर आधी झोपलेली स्क्रीन जागी करावी लागते, माइकचे बटण शोधावे लागते, कुकरची शिट्टी होऊन जाईपर्यंत थांबावे लागते आणि मग घसा साफ करावा लागतो. यात पंधरा सेकंद तर सहज जातात. तोवर “शंका नाहीत, म्हणजे सर्वांना नीट समजले आहे” असा निर्वाळा देऊन आभारप्रदर्शन सुरू झालेले असते. शंका कोणाला होती ते मग त्याच्या माइकवरून घसा साफ केल्याचा आवाज तेवढा सांगून जातो.

क्वचित कोणी बोलतोच. तो बहुधा एकच असतो आणि प्रत्येक बॅचमध्ये आढळतो. त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते : “सर, माझा प्रश्न नाही, मी फक्त थोडी भर घालू इच्छितो.” ही थोडी भर अकरा मिनिटे चालते. तिच्यात १९९४ साली त्याने राबवलेला एक उपक्रम असतो, ‘आजकालची मुले’ असतात आणि शेवटी “यावर आपले काय मत?” असा प्रश्न असतो, ज्यातला ‘यावर’ म्हणजे कशावर हे तोवर कोणालाच आठवत नाही. आयोजक त्याला मनातून दुवा देतात, कारण अहवालात ‘चर्चेत सहभागींनी उत्स्फूर्त भाग घेतला’ हे वाक्य त्याच्या जिवावर लिहिले जाते. ऑनलाइन समूहांत सुमारे ९० टक्के लोक केवळ वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेला १ टक्का पुरवतो, हा ठोकताळा जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. शंभरांच्या वर्गात हा एक टक्का म्हणजे नेमके ते सर.

बोलणारे कमी म्हणून लेखी चर्चेची सोय करतात. त्यासाठी ‘प्रत्येकाने एक नोंद आणि इतरांच्या नोंदींवर किमान दोन प्रतिसाद’ असा नियम असतो. विषय दिला जातो, ‘आजच्या युगात मूल्यमापनाचे महत्त्व’. पहिली नोंद दुपारी येते. ती बी.एड.च्या पुस्तकातल्या तिसऱ्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद असते. मग मुदत संपण्याच्या रात्री, साडेअकरानंतर, पाऊस सुरू होतो. दुसरी नोंद : “अत्यंत मार्मिक विवेचन, सर.” तिसरी : “सहमत.” चौथी : “मॅडमच्या मताशी पूर्ण सहमत.” या वेळेपर्यंत कोणत्याही मॅडमनी काहीही लिहिलेले नसते. पाचवी नोंद : “सर, चाचणी तीनची लिंक ओपन होत नाही.” साऱ्या चर्चेत या पाचव्या विधानालाच काय ते कोणीतरी उत्तर देते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून नोंदींची भाषा सुधारली आहे. आता त्या मुद्देसूद असतात. प्रत्येकीत ‘सर्वांगीण विकास’ आणि ‘सर्वसमावेशक दृष्टिकोन’ शेजारी शेजारी बसलेले असतात आणि शेवटचा परिच्छेद ‘थोडक्यात सांगायचे तर’ने सुरू होतो. साठ माणसे एकाच यंत्राकडून लिहून घेऊन एकमेकांना “अप्रतिम मांडणी” असे कळवतात. यंत्राचा गौरव म्हणून हे ठीकच आहे, पण त्यासाठी साठ माणसांना जागवायची गरज नव्हती. शिवाय दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्राला सहज देता येते, तो प्रश्न आधी पुस्तकही सोडवून देतच होते.

कारणे शोधू गेल्यास पहिले सापडते ते मुदतीत. ऑनलाइन शिक्षणात गट कसा घडतो, याची पाच पायऱ्यांची मांडणी ब्रिटनच्या गिली सामन यांनी २००० साली केली. आधी प्रवेश आणि उत्साह, मग ओळखपाळख, मग माहितीची देवघेव, चौथ्या पायरीवर सर्वांनी मिळून ज्ञान रचणे आणि पाचवीवर आपल्या शिकण्याकडे स्वतःच बघणे. आठवड्याच्या वर्गात पहिली पायरी पासवर्ड विसरण्यात बुधवारपर्यंत चालते. गुरुवारी ओळखपाळख होते, म्हणजे ‘नमस्कार, मी सहायक प्राध्यापक, मराठी विभाग’ अशा ऐंशी नोंदी होतात, ज्या लिहिणाऱ्याखेरीज कोणी वाचत नाही. शुक्रवारी चाचणी असते आणि शनिवारी समारोप. तिसऱ्या ते पाचव्या पायऱ्यांसाठी रविवार उरतो, आणि रविवारी सुट्टी असते.

निवासी वर्गात हे सारे चहावर भागत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. तिथे उजळणी वर्ग केलेल्या प्राध्यापकाला व्याख्यानातले काय लक्षात राहिले असे विचारले, तर तो बहुधा मेसमधल्या रात्रीच्या वादाची गोष्ट सांगतो. सकाळच्या तासाला ज्याने तोंड उघडले नाही, तोच रात्री पोळी मोडता मोडता व्याख्यात्याच्या सिद्धांताची चिरफाड करीत असे. ऑनलाइन वेळापत्रकातही ‘११.३० ते ११.४५ चहापान’ इमानाने छापलेले असते. प्रत्येक जण आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन आपापला चहा करून घेतो.

दुसरे कारण संख्या. माक्स रिंगेलमान हे फ्रान्समधले शेती अभियंता. माणसे दोर ओढताना किती जोर लावतात, याची मोजमापे त्यांनी केली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. दोराला हात लावणारे वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. आठ जण असले की माणशी बळ एकट्याने ओढताना असते त्याच्या निम्म्यावर येते. ऑनलाइन वर्गात दोराला अडीचशे जण असतात. त्यातल्या एखाद्याने दोर हातात धरला तरी त्याला सढळ हाताने गुण द्यावेत.

तिसरे कारण अदब, आणि हे खास इथले आहे. एकाच वर्गात प्राचार्य असतात आणि त्यांच्याच महाविद्यालयातले तासिका तत्त्वावरचे प्राध्यापकही असतात. प्राचार्यांनी “सातत्यपूर्ण मूल्यमापनामुळे आमच्याकडे क्रांती झाली” असे लिहिल्यावर, तासिका तत्त्वावरचा माणूस, ज्याने ती सारी क्रांती रात्री जागून एक्सेलमध्ये भरलेली असते, ‘सहमत’ याखेरीज काय लिहिणार? ज्याच्याशी मतभेद दाखवायचा तो उद्या आपल्या मुलाखतीच्या समितीवर तज्ज्ञ म्हणून बसलेला असू शकतो. मराठी माणूस वादप्रिय आहे हे खरे, पण तो वाद निवडून घालतो.

भाषेचेही थोडेसे. बरेच वर्ग इंग्रजीत चालतात आणि चर्चेत इंग्रजीतच लिहावे असा अलिखित दंडक असतो. त्यामुळे ज्याच्याजवळ सांगण्याजोगे काही आहे, तो व्याकरणाची वाट पाहत थांबतो आणि ज्याच्याजवळ व्याकरण आहे तो लिहून मोकळा होतो. मराठीत, रोमन लिपीत किंवा बोलून पाठवलेल्या संदेशात उत्तर चालेल, एवढे आयोजकांनी पहिल्या दिवशी सांगितले तरी पुष्कळ गाठी सुटतात.

उपायांत सर्वांत मोठा उपाय प्रश्न बदलणे हा आहे, आणि तो फुकट आहे. ‘मूल्यमापनाचे महत्त्व’ काढून टाकून असे विचारता येते : ‘मागच्या परीक्षेत तुमच्या वर्गातल्या बहुतेकांनी चुकवलेला एक प्रश्न लिहा. चूक मुलांची होती की प्रश्नाची?’ याचे उत्तर पुस्तकात नाही, आणि यंत्राने दिले तर ते त्या वर्गाचे नसते. समजा, एखाद्या विज्ञानशिक्षिकेने लिहिले की तिने सातवीला विचारले होते, बर्फाचे पाणी भरलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात, ते पाणी कुठून येते? हवेतल्या बाफेचे, असे उत्तर हवे होते. अर्ध्या वर्गाने लिहिले, ‘पेला पाझरतो.’ तिने सर्वांना शून्य दिले.

इथे ‘सहमत’ लिहून भागत नाही. कोणीतरी विचारते की मुलांच्या घरी माठ आहे का. माठ पाझरतो, तो बाहेरून ओला होतो आणि आतले पाणी गार राहते, हे मूल रोज बघते. गार पाणी आणि ओली बाहेरची बाजू हे दोन्ही पेल्यालाही आहे. मग मुलाने चुकीचा तर्क कुठे केला? दुसरा म्हणतो, तर्क बरोबर असला तरी उत्तर चूक ते चूकच, गुण कसले द्यायचे? तिसरा सुचवतो की वाद घालण्यापेक्षा पेल्यात लाल सरबत घालावे आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालाने पुसावेत. रुमाल लाल झाला नाही की पेला निर्दोष सुटतो. चौथ्याला आठवते की झाकण लावलेल्या पेल्यालाही थेंब येतात, म्हणून ‘पाणी उडाले’ म्हणणाऱ्या मुलांसाठी झाकणही लावावे. पाचवा, ज्याने आजवर एकाही वर्गात तोंड उघडलेले नसते, तो लिहितो की त्याच्या वर्गातली काही मुले ‘गारवा स्टीलमधून बाहेर येतो आणि त्याचे पाणी होते’ असे म्हणतात, आणि रुमालाच्या प्रयोगाने त्यांचे काहीच बिघडत नाही. मूल्यमापनाचे महत्त्व एव्हाना कोणी उच्चारलेले नसते, पण चाललेले सारे मूल्यमापनच असते.

प्रश्न चांगला असूनही पहिली लांबलचक नोंद पाहून बाकीचे दबतात, यावर तांत्रिक तोड आहे. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे मार्टिन डुगियामस यांनी तयार केलेली आणि २००२ मध्ये पहिली आवृत्ती निघालेली ‘मूडल’ ही प्रणाली आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत आहे. तिच्यातल्या चर्चेच्या एका प्रकारात स्वतःचे उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरे दिसतच नाहीत. ज्यांनी आयुष्यभर परीक्षागृहात ‘आपापल्या पेपरात बघा’ असे सांगितले, त्यांच्यावर हा काव्यात्म न्याय म्हणता येईल. गंमत अशी की ही सोय बहुतेक ठिकाणी उपलब्ध असते आणि कोणी चालू केलेली नसते.

थेट वर्गासाठी हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली पद्धत उपयोगी पडते. पर्याय असलेला एक अवघड प्रश्न द्यायचा, सर्वांनी गुपचूप मत नोंदवायचे, मग वेगळे मत असलेल्या शेजाऱ्याला पटवायचे आणि पुन्हा मत नोंदवायचे. व्याख्याता तोवर गप्प. हीच यातली अवघड अट आहे, आणि ती माझूर यांच्यापेक्षा आपल्याकडच्या व्याख्यात्यांना जड जाते. पवईच्या आयआयटीतल्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आदींनी ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी जो आराखडा मांडला, त्यात व्हिडिओच्या मध्येच थांबून पाहणाऱ्याला विचार करायला लावणाऱ्या जागा ठेवल्या आहेत आणि चर्चेची सुरुवात मोघम विषयाऐवजी एका नेमक्या प्रश्नाने होते. व्हिडिओ थांबवा असे व्हिडिओनेच सांगणे, हे पंचेचाळीस मिनिटे अखंड बोलण्याची सवय असलेल्यांना पाखंड वाटते.

अडीचशेंचे लहान गट पाडणे हा उपाय सर्वांना माहीत आहे आणि तो सर्वांत वाईट रीतीने केला जातो. बटण दाबताच पाच अनोळखी माणसे एका आभासी खोलीत जाऊन पडतात. दोघांचे नेट तिथेच जाते. तिसरे नाव ‘रेडमी नोट ९’ असते आणि ते बोलत नाही. उरलेल्या दोघांत “आपण नेमके काय करायचे आहे?” “मलाही ऐकू आले नाही,” एवढा संवाद होईतो वेळ संपतो आणि दोघेही मोठ्या खोलीत परत आणून सोडले जातात, जिथे त्यांना ‘गटाचे निष्कर्ष’ सांगायचे असतात. तीन-चार जण, दहा मिनिटे, लिहून दिलेले एकच काम आणि कोणी लिहायचे हे आधी ठरलेले, एवढी पथ्ये पाळली तर या खोल्यांतही माणसे बोलतात. लहान गटात गप्प बसणे मोठ्या गटातल्यापेक्षा जास्त कष्टाचे असते.

शिक्षकाने किती बोलावे हा वादाचा मुद्दा आहे. ऑस्ट्रेलियातल्या स्विनबर्न विद्यापीठाच्या ऑनलाइन खगोलशास्त्र वर्गांतल्या चर्चा मार्गारेट मॅझोलिनी आणि सेरा मॅडिसन यांनी तपासल्या आणि २००३ मध्ये ‘ऋषी, वाटाड्या की भूत?’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली निष्कर्ष मांडले. भरपूर लिहिणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्यांनी उत्साही आणि तज्ज्ञ म्हणून वाखाणले. मात्र त्याच्या लिहिण्याने विद्यार्थी जास्त लिहू लागले नाहीत, उलट त्याने जितके जास्त लिहिले तितक्या चर्चा आखूड झाल्या. हे स्वाभाविकच आहे. सरांनी उत्तर दिल्यावर वर बोलणे आपल्याकडे आगाऊपणात मोडते. दुसऱ्या टोकाला भूतपंथी शिक्षक असतात, जे पहिल्या दिवशी ‘सर्वांनी मोकळेपणाने व्यक्त व्हावे’ असे लिहून नाहीसे होतात आणि थेट समारोपाच्या छायाचित्रात प्रकटतात. यातली मधली वाट म्हणजे उत्तर न देता दोन माणसांची गाठ घालून देणे : “वर परभणीच्या मॅडमनी याच्या उलट लिहिले आहे, ते वाचलेत का?” एवढी एक ओळ दहा व्याख्यानांचे काम करते, पण त्यासाठी परभणीच्या मॅडमनी काय लिहिले ते शिक्षकाने वाचलेले असावे लागते.

गुणांचा विषय थोडक्यात आटोपतो. चर्चेला गुण नसले तर कोणी लिहीत नाही आणि शब्दसंख्येवर गुण ठेवले तर ‘आदरणीय, सन्माननीय आणि मार्गदर्शक सरांनी’ इथपासून शब्द मोजले जातात. त्यापेक्षा अखेरीस प्रत्येकाला विचारावे की कोणाच्या म्हणण्याने तुमचे मत बदलले आणि कशावरून. याला उत्तर द्यायचे तर निदान एकाचे तरी वाचावे लागते. पहिल्या नोंदीची मुदत मंगळवार आणि प्रतिसादाची शुक्रवार अशी फोड केली की मध्यरात्रीचा पाऊसही थांबतो. आठवड्याच्या वर्गात अशी चर्चा एकच ठेवावी, फार तर दोन. रोज एक चर्चा ठेवणारे आयोजक स्वतः कधी विद्यार्थी झालेले नसतात.

वर्ग संपल्यावरची अवस्थाही अभ्यासण्याजोगी आहे. ‘फक्त सूचनांसाठी’ असलेला व्हॉट्सॲप ग्रुप समारोपानंतर सर्वांना खुला होतो आणि त्यावर आठवड्यातली सर्वांत जिवंत चर्चा सुरू होते : प्रमाणपत्रावरच्या नावांची. कोणाचे आडनाव आधी आले आहे, कोणाच्या नावातला काना गेला आहे, कोणाला दुसऱ्याचेच प्रमाणपत्र मिळाले आहे आणि ते त्याला स्वतःच्यापेक्षा बरे वाटते आहे. जाणकार पुढे होतात, फॉर्म पुन्हा कसा भरायचा ते स्क्रीनशॉट काढून समजावतात. मग आभार, फुले, हात जोडलेल्या बाहुल्या आणि एकेक जण ग्रुप सोडून गेल्याच्या राखाडी ओळी.

चांगली चर्चा झालीच असेल तर ती मात्र इथे संपू देऊ नये. नावे काढून ती पुढच्या बॅचला पहिल्या दिवसाचे वाचन म्हणून द्यावी. कोऱ्या जागेवर लिहायला धजत नाहीत ती माणसे लिहिलेल्यातली चूक काढायला तत्परतेने पुढे येतात, आणि शिक्षकांच्या बाबतीत तर हा हातखंडा उपाय आहे. लाल सरबताचा प्रयोग वाचून नव्या बॅचमधला एखादा लगेच विचारतो की त्याच्या शाळेत फ्रीज नाही, बर्फ कुठून आणायचा? रत्नागिरीकडचे गुरुजी मासळी बाजाराचे नाव सांगतात. बार्शीकडच्या बाईंना ते पटत नाही. त्या बाजाराच्या बर्फाला वास असतो आणि मुले पेल्याऐवजी वासावरच चर्चा करतील, असे त्यांचे म्हणणे पडते. त्यांच्या मते शाळेसमोरच्या रसवंतीतून आणावा. त्यावर तिसरे कोणीतरी कळवते की रसवंती उन्हाळ्यात चालते आणि हा धडा पावसाळ्यात असतो.